शनिवार रात्रीची पंचवीस मिनिटं: आमचं छोटं चर्च आणि ते आखणाऱ्या आर्किटेक्ट मॅडम

आमच्या मंडळीचं नवीन चर्च उभं राहिल्यापासून कुठल्या ना कुठल्या मंडळीची कमिटी जागा पाहायला येते. कोणी कामठीहून, कोणी वर्ध्याहून, परवा तर बल्लारशाहून सहा जण गाडी करून आले. सगळ्यांचा प्रश्न तोच: आर्किटेक्ट कशी आहे, तिला काम द्यावं का? दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवते. मी बांधकाम समितीची चिटणीस होते. शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, नोंदी ठेवायची सवय हाडात आहे. खालचे आकडे माझ्या वहीतले आहेत.

आधी माहिती. जागा नागपुरात, मानकापूरच्या पुढे, कोराडी रोडच्या आत. प्लॉट ६० बाय ९०. हॉल ३२ बाय ४८ फुटांचा. उत्तरेला ८ फुटी व्हरांडा, पश्चिमेला स्वयंपाकघर, स्टोअर, संडास-बाथरूम आणि पाळकसाहेबांचं ऑफिस, पूर्वेला वेदी आणि तिच्या बाजूला प्रार्थनेची एक छोटी खोली. एकूण बांधकाम साधारण २,६०० चौरस फूट. कुटुंबं ६२, खुर्च्या १४०. कूलर, माइक, टेबलं, खुर्च्या सगळं धरून ५४ लाख लागले. झावळ्यांच्या रविवारी, २४ मार्च २०२४ ला समर्पण झालं.

मॅडमच्या आधी आम्ही दोघांना भेटलो होतो. दोघांनाही एवढंच सांगितलं होतं की दीडशे माणसं बसतील असं चर्च पाहिजे आणि तेच समाजासाठी हॉल म्हणून वापरता आलं पाहिजे. आठ दिवसांत दोघांची रंगीत चित्रं आली. एकात टोकदार कमानी आणि उंच मनोरा होता, दुसऱ्यात मंगल कार्यालयावर क्रॉस चढवल्यासारखं काहीतरी. मॅडम आल्या तेव्हा हातात कागदसुद्धा नव्हता. म्हणाल्या, "मला तुमच्या वर्षाचं कॅलेंडर द्या. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती माणसं, खुर्चीवर बसतात की सतरंजीवर, जेवण असतं का, चपला कुठे काढतात, सगळं."

मी आणि महिला संघाच्या खजिनदार बाई दोन संध्याकाळी बसलो आणि यादी केली. इतकी वर्षं त्या जागेत जगून आम्हालाच जे दिसलं नव्हतं ते कागदावर आलं. उपासना, बुधवारची प्रार्थना आणि गाण्याचा सराव मिळून आठवड्याला चार तास. पोरांची अभ्यासिका सोमवार ते शनिवार संध्याकाळी पाच ते नऊ, शिवणवर्ग आठवड्यातून तीन दुपारी दोन-दोन तास. म्हणजे तीस तास. शिवाय लग्नं, बारशी, शुगर-बीपीचं शिबिर, अंत्यविधी आणि नाताळचे पंधरा दिवस. मॅडमनी यादी वाचली आणि मला विचारलं, "काकू, शनिवारी नऊला पोरं उठतात आणि रविवारी सकाळी उपासना आहे. मधे टेबलं कोण उचलतं?" मी म्हटलं, आम्हीच, चार-पाच जण. "किती वेळ लागतो?" मला सांगता आलं नाही. पुढच्या शनिवारी त्या स्वतः येऊन बसल्या आणि घड्याळ लावलं. जुन्या हॉलमध्ये एक तास दहा मिनिटं लागली. सगळ्यात तरुण माणूस बावन्न वर्षांचा होता. तो आकडा त्यांनी पहिल्याच नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि शेवटपर्यंत खोडला नाही.

त्यानंतर तीन रविवार त्या उपासनेला आल्या. त्या ख्रिस्ती नाहीत. शेवटच्या बाकावर बसायच्या, कोणाला काही विचारायच्या नाहीत. प्रभुभोजनाला लोक कोणत्या बाजूने उठतात, म्हातारे कुठे बसतात, लेकरू रडलं की आई कुठून बाहेर जाते, हे वहीत टिपायच्या. तिसऱ्या रविवारी चहा घेताना मी त्यांना माझ्या वडिलांचं सांगितलं. जुन्या हॉलचं दार तीन फुटी होतं आणि लगेच समोर भिंत. बाबांची शवपेटी आत नेताना वळेना. खांदेकऱ्यांपैकी दोघांना बाहेर थांबावं लागलं, उरलेल्यांनी पेटी तिरकी केली, आणि आतून कपडे सरकल्याची सळसळ मला ऐकू आली. आईने डोळे मिटून घेतले होते. हे मी तेव्हापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला, टेप काढला, आणि आमच्या तरुण संघाच्या सहा पोरांना बाक उचलून दारातून नेऊन दाखवायला लावलं.

आज आमचं मुख्य दार साडेपाच फुटी आहे, दोन्ही फळ्या बाहेर उघडतात, आणि दारासमोर व्हरांड्यात मोकळी जागा आहे. रॅम्प पाच फूट रुंद. जोतं अडीच फूट उंच, म्हणजे एकास बाराच्या उताराने रॅम्प तीस फूट लांब झाला, मधे एक सपाट टप्पा. कमिटीत दोघांचं म्हणणं होतं की एवढी जागा रॅम्पला कशाला घालवायची. गेल्या वर्षभरात त्या रॅम्पवरून चार शवपेट्या सरळ, खांद्यावर, सहाच्या सहा माणसांसह आत आल्या. व्हीलचेअरवरच्या आमच्या एक आजी दर रविवारी त्यावरूनच येतात. जुन्या हॉलला पायऱ्या होत्या म्हणून त्या चार वर्षं आल्याच नव्हत्या.

आता वेदीचा प्रश्न. सगळ्यात जास्त बैठका यावर झाल्या, आणि दुसऱ्या मंडळ्यांनाही हाच भाग जड जाईल. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आम्ही त्याच परंपरेतले. त्यामुळे आमच्याकडे एका छताखाली दोन-तीन घरांच्या रीती आहेत. ज्यांचे आजी-आजोबा अँग्लिकन होते त्यांना वेदी मध्यभागी पाहिजे. ज्यांचे स्कॉटिश मिशनचे, त्यांना प्रवचनपीठ सगळ्यांच्या नजरेसमोर. बाप्तिस्मा काहींकडे लेकराच्या कपाळावर पाणी घालून, काहींकडे मोठेपणी पाण्यात बुडवून. आमच्या मंडळीत दोन्ही चालतं. आणि त्यात आता तिसरी गोष्ट आली: त्याच हॉलमध्ये लग्नाचं जेवण. एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "वेदीसमोर पत्रावळी टाकणार असाल तर माझं नाव वर्गणीतून काढा." ते रागाने बोलले नव्हते. त्यांचा गळा भरून आला होता, आणि म्हणून कोणीच उलट बोललं नाही.

मॅडम पुढच्या बैठकीला लॅपटॉप घेऊन आल्या. फिनलंडमध्ये इमात्राला आल्वार आल्टो या वास्तुशिल्पीने १९५८ मध्ये बांधलेलं एक चर्च त्यांनी दाखवलं. त्याचे तीन भाग आहेत. जाडजूड काँक्रीटच्या भिंती सरकतात आणि उपासनेपुरता एक भाग ठेवून बाकीचे गावाच्या कामाला मोकळे होतात. आमच्या तरुणांना ते फार आवडलं. मॅडम म्हणाल्या, भिंत सरकवायची मोटर नागपुरात बिघडली तर कोण दुरुस्त करणार? तुमचा सुतार दुरुस्त करू शकेल अशी गोष्ट करू.

मग त्यांनी आमचे जुने बाक मागितले. बत्तीस बाक, सागवानी, काहींना वाळवी लागलेली, पण लाकूड इतकं पक्कं की सुताराची पटाशी घसरायची. आठ बाक तसेच ठेवले, भिंतीला लागून. बाकीच्यांच्या फळ्यांतून वेदी झाकायला बारा घडीचे पाट, म्हणजे दारासारखे फलक, केले, वरच्या रुळावर सरकणारे. वेदीचा भाग दोन पायऱ्या उंच आहे. जेवण असलं, शिबिर असलं, अभ्यासिका असली की पाट बंद. रविवारी उघडले की भिंतीला चिकटून घडी होतात. जुन्या बाकांवर ज्यांनी ते दिले त्यांची नावं कोरलेली होती. सुतार ती रंधून काढणार होता. मॅडमनी प्रत्येक नावाची फळी वेगळी काढायला लावली आणि नावं हॉलच्या बाजूला येतील अशी बसवली. माझ्या आजोबांचं नाव तिसऱ्या पाटावर आहे, खालून दुसऱ्या फळीत. 'ज' ची खाली ओढलेली रेघ थोडी कापली गेली आहे. मी हात लावून पाहते तेव्हा ती अर्धी रेघ बोटाला लागते.

ज्यांनी वर्गणीतून नाव काढायला सांगितलं होतं, ते पाट बसले त्या दिवशी आले. बंद पाटांसमोर बराच वेळ उभे राहिले. मग बाजूची प्रार्थनेची खोली पाहिली. तिला बाहेरून वेगळं दार आहे, म्हणजे हॉलमध्ये कोणाचं लग्न सुरू असलं तरी एखाद्याला एकट्याने येऊन गुडघे टेकता येतात. त्यांनी त्याच आठवड्यात वर्गणी दिली, आणि ठरली होती त्यापेक्षा जास्त.

बाप्तिस्म्यासाठी व्हरांड्यात, दाराशीच, काळ्या दगडाचं एक कुंड आहे. बुडवून घ्यायच्या बाप्तिस्म्यासाठी अंगणात सात बाय चारचा हौद, एरवी वरून फळ्यांनी झाकलेला. तीन फूट पाणी भरलं की साधारण २,४०० लिटर होतं. ते नंतर पाइपाने झाडांना जातं. टँकरच्या दिवसांत हे पाणी वाया गेलं असतं तर मला सहन झालं नसतं.

उजेडाबद्दल लिहिलंच पाहिजे. आमच्या एका मुलाने जपानमधल्या इबाराकीच्या चर्चचा फोटो आणला होता, वास्तुशिल्पी तादाओ आंदो यांचं, १९८९ चं. काँक्रीटच्या भिंतीत क्रॉसच्या आकाराची फट आणि तिच्यातून येणारा उजेड. सगळ्यांना तसंच पाहिजे होतं. मॅडमनी जुन्या हॉलच्या पूर्वेच्या खिडकीसमोर पाळकसाहेबांना सकाळी नऊ वाजता उभं केलं आणि आम्हाला समोर बसवलं. पाळकसाहेबांचा चेहरा पूर्ण काळा दिसत होता, आणि आमचे डोळे दिपत होते. अर्धी मंडळी साठीच्या पुढची, मोतीबिंदूची. फटीचा विषय तिथेच संपला. त्याऐवजी वेदीवरचं छप्पर चार फूट उंच घेतलं आणि उत्तरेकडे दहा फुटी आडवी खिडकी दिली. उजेड वरून भिंतीवर उतरतो, डोळ्यात शिरत नाही. साधा लाकडी क्रॉस त्या भिंतीवर आहे, आणि त्याची सावली अगदी मऊ पडते.

इथे माझी एक भर आहे. उत्तरेच्या खिडकीतून कधीच ऊन येत नाही, असं मॅडम गृहीत धरून चालल्या होत्या. मी म्हटलं, नागपूर २१ अंशांवर, कर्कवृत्ताच्या खाली. मे संपता संपता आपल्याकडे शून्य सावली होते, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य भरदुपारीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. सकाळी तर ईशान्येकडूनच येतो. त्यांनी वाद घातला नाही. दोन दिवसांनी नकाशा बदलून आला: खिडकीवर छज्जा आणि पूर्वेच्या टोकाला उभी आडभिंत. कमिटीतल्या म्हातारीचं ऐकून नकाशा बदलणारी माणसं कमी असतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

पायाच्या बाबतीत त्या हट्टी आहेत आणि तसंच असावं. आमच्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; जुन्या हॉलच्या भिंतीत बोट जाईल एवढ्या चिरा होत्या त्या याच कारणाने. ठेकेदार चार फुटांवर थांबत होता. मॅडमनी मुरूम लागेपर्यंत खोदायला लावलं, तो साडेसहा फुटांवर लागला. फरशीखालचा भरावही मुरमाचाच, काळ्या मातीचं एक घमेलं आत पडू दिलं नाही. दोन पावसाळे गेले, भिंतीला केसाएवढीही चीर नाही.

भिंती फ्लाय ॲशच्या विटांच्या. कोराडीच्या वीजकेंद्राची राख आमच्या दारातच, तिचा उपयोग झाला. विटा उभ्या ठेवून मधे पोकळी सोडायची, रॅट ट्रॅप बाँड म्हणतात त्याला. केरळमध्ये वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी हीच पद्धत साध्या साध्या घरांपर्यंत नेली. विटा साधारण पाव हिस्सा कमी लागतात आणि मधल्या हवेमुळे भिंत उशिरा तापते. मिस्तरीला मात्र ते पटेना. "मॅडम, भिंत पोकळ ठेवून राह्यले तुम्ही, उद्या कोणी धक्का मारला तं?" मॅडमनी अंगणात चार फूट उंचीची नमुन्याची भिंत बांधायला लावली. दोनदा सांधे चुकले, दोनदा तोडली. तिसऱ्यांदा जमली तेव्हा मिस्तरी स्वतः तिच्यावर चढून उभा राहिला आणि दोन रेजांना, म्हणजे मजूर बायांना, बोलावून दाखवलं. बाहेरून गिलावा नाही, विटा उघड्याच. काही लोकांना अजून वाटतं की पैसे संपले म्हणून काम अर्धवट राहिलं. मला त्या राखाडी भिंती आवडतात. संध्याकाळच्या उन्हात त्या कबुतराच्या पंखासारख्या दिसतात.

गरमीची खरी परीक्षा उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला असते. दुपारी बारा ते तीन, प्रभूचे सात उद्गार, एप्रिलचं ऊन. जुन्या पत्र्याच्या हॉलमध्ये दर वर्षी एक-दोघांना भोवळ यायची. आता स्वयंपाकघर, स्टोअर आणि संडास पश्चिमेला आहेत, म्हणजे मावळतीकडची आग आधी त्यांना लागते, हॉलला नाही. छप्पर पफ पॅनेलचं, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेलं. मागच्या छतावर डक्टचा मोठा कूलर, त्याच्यावर सावलीला पत्रा आणि जवळच नळ, त्यामुळे पाइप घेऊन कोणाला चढावं लागत नाही. मॅडमनी एक गोष्ट बजावून सांगितली होती: कूलर चालू असताना वरच्या खिडक्या उघड्या पाहिजेत, हवेला बाहेर जायला वाट दिली नाही तर नुसता दमटपणा कोंडतो. १८ एप्रिल २०२५ ला मी शाळेतला जुना तापमापक घेऊन गेले. दुपारी दोन वाजता व्हरांड्यात ४१ अंश, आत ३२. तिन्ही तास कोणी उठून गेलं नाही. जुलैत मात्र हवा ओली झाली की कूलरचा उपयोग नाही, तेव्हा पंखे आणि उघडी दारं. हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार करत नाही.

आता जे चुकलं ते.

पहिलं, आवाज. यात चूक आमची होती. छताखाली लाकडाच्या बारीक तंतूंचे, आवाज शोषणारे बोर्ड लावायचे, असं नकाशात होतं. पैसे कमी पडत होते, म्हणून कमिटीने ते काढले आणि १ लाख १० हजार वाचवले. मॅडमनी पत्र लिहून कळवलं होतं की घुमेल. आम्ही ते पत्र फाइलला लावलं. समर्पणाच्या दिवशी पाळकसाहेबांचं एक वाक्य संपायच्या आत आधीचं वाक्य भिंतीवरून परत येत होतं. मागे बसलेल्यांना एक अक्षर कळलं नाही. मॅडमनी रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून मोजलं, आवाज विरायला चार सेकंदांवर लागत होते. बोलणं कळायला एका सेकंदाच्या आसपास पाहिजे, गाण्याला थोडं जास्त चालतं. ऑगस्टमध्ये बोर्ड लावले, तेव्हा भाव वाढून १ लाख ४० हजार झाले होते. आता रिकाम्या हॉलमध्ये दीड सेकंद, माणसं बसली की त्याहून कमी. पेटी-तबल्यावरचं भजन छान लागतं, आणि प्रवचन शेवटच्या रांगेत ऐकू येतं. येणाऱ्या प्रत्येक कमिटीला मी हे सांगते: फरशी स्वस्त घ्या, गेट नंतर लावा, पण छताचे बोर्ड कापू नका.

बाकीच्या चुका मॅडमच्या आहेत. वेदीचं उंच छप्पर आणि हॉलचं छप्पर जिथे मिळतं तिथली पन्हळ त्यांनी सहा इंची दिली होती. २०२४ च्या जुलैत एका रात्रीच्या पावसात ती भरून वाहिली आणि पाणी पाटांवर आलं. आम्ही रात्री अकरा वाजता चादरी लावून फळ्या पुसत होतो. मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, मान्य केलं, बारा इंची पन्हळ आणि दुसरा पाइप लावून दिला आणि त्या कामाची फी घेतली नाही. पण खालच्या दोन फळ्यांना पाण्याचे डाग राहिले ते राहिलेच.

स्वयंपाकघराचं मला जास्त लागलं, कारण त्याबद्दल बाईमाणसांना कोणी नीट विचारलं नाही. कॅलेंडरमध्ये आम्ही "जेवण, २५० माणसं" असं लिहिलं होतं. मॅडमनी ओटा, सिंक, गॅस सगळं व्यवस्थित दिलं, पण अडीच फुटी दार आतूनच, हॉलच्या बाजूने. पन्नास किलोचा भाताचा गंज त्या दारातून दोघींना धरून जाता येत नाही. एकीला उलटं चालावं लागतं. आणि मोठी भांडी घासायला बाहेर मोरी नाही. लग्नात आम्ही अंगणात विटांवर भट्टी लावतो आणि गंज खिडकीतून देतो. मी मॅडमना म्हटलं, "बेटा, तुम्ही उपासनेला तीन रविवार बसलात, एक दिवस आमच्यासोबत पोळ्या लाटायला बसायला पाहिजे होतं." त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "खरं आहे काकू." मागच्या भिंतीत चार फुटी दार पाडायचा नकाशा त्यांनी दिला आहे, मोरीसकट. नाताळच्या आत होईल.

व्हरांड्याची कोटा फरशी पॉलिश केलेली घेतली, ती पावसात निसरडी होते. एक मुलगी पडली, हाताला प्लास्टर बसलं. आता तिथे खरखरीत पट्ट्या मारून घेतल्या आहेत. आणि साइटवर येण्याबद्दल: पायाच्या वेळी मॅडम आठवड्याला दोनदा यायच्या, पण छपरापर्यंत काम गेल्यावर तीन-तीन आठवडे यायच्या नाहीत, फोटो मागवायच्या. विजेच्या तारांचा नकाशा स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी आला. त्यामुळे व्हरांड्यात माइकचा पॉइंटच राहून गेला, आणि नाताळला बाहेर बसणाऱ्या दीडशे माणसांसाठी खिडकीतून वायर काढावी लागते. करार करताना महिन्याला किती भेटी ते आकड्यात लिहून घ्या.

फी बांधकामाच्या ५ टक्के, सहा हप्त्यांत. मनपातल्या मंजुरीची धावपळ त्यांच्या ऑफिसने केली, त्याचे वेगळे पैसे नव्हते. हिशेबात स्वच्छ. ठेकेदाराने एकदा वाढीव सळईचं बिल लावलं तेव्हा त्यांनी स्वतः येऊन मोजून ते परत पाठवलं.

वापराबद्दल दोनच गोष्टी सांगते. अभ्यासिकेत वस्तीतली चाळीस पोरं बसतात, बहुतेक बौद्ध घरांतली, काही ख्रिस्ती, काही मुसलमान. पोलीस भरती, एमपीएससी, बारावी. त्यांच्यातली दोन मुलं पाट बंद करताना आधी हात धुऊन येतात. त्यांना हे कोणी सांगितलेलं नाही. आणि गेल्या दसऱ्याला दीक्षाभूमीला आलेले त्यांच्यापैकी एकाच्या गावचे अठरा पाहुणे दोन रात्री या हॉलमध्ये झोपले. सकाळी उठून त्यांनी स्वतः झाडून काढलं, सतरंज्या घडी करून स्टोअरच्या दारात लावल्या.

दारात, कारण आत जागा नव्हती. स्टोअरचं सांगितलं की संपलं. मॅडमनी हॉलच्या पूर्ण पश्चिम भिंतीला लागून, ३२ फूट लांब आणि ५ फूट खोल स्टोअर आखलं होतं, म्हणजे हॉलच्या दहाव्या हिश्शाएवढं. दारं सरकती, हॉलच्या पातळीलाच, उंबरठा नाही, म्हणजे आठ-आठ खुर्च्यांची चवड गाडीवर ठेवून सरळ आत ढकलायची. आम्ही कमिटीत म्हटलं, एवढी जागा सामानाला? आणि त्यातला अर्धा भाग ऑफिसला दिला. मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा चिडल्या. "शनिवारी टेबलं पंचवीस मिनिटांत आत जाणं याच्यावरच आहे," म्हणाल्या. ऑफिस आठवड्यातून दोन तास उघडतं. टेबलं आत मावतात, खुर्च्या मावतात, पण सतरंज्या, नाताळचा गोठा, शिवणयंत्रं आणि शिबिराचे खोके व्हरांड्याच्या टोकाला ताडपत्रीखाली आहेत. पुढच्या बैठकीत ऑफिस परत स्टोअरला द्यायचा ठराव मी मांडणार आहे. पाळकसाहेबांनी स्वतःच सांगितलं की त्यांना प्रार्थनेच्या खोलीत एक टेबल पुरेल.

एवढं असूनही नवीन हॉलमध्ये सव्वीस टेबलं आत जाऊन एकशे चाळीस खुर्च्या लागायला आणि पाट उघडायला आता पंचवीस मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून आठ शनिवार मोजलं. माझे गुडघे दुखतात, तरी मी गाडी ढकलू शकते.

पाचपैकी चार तारे देते. पाचवा स्वयंपाकघराचं दार झाल्यावर. ज्यांना जागा पाहायची आहे त्यांनी कृपया रविवारी येऊ नये, तेव्हा सगळं लागलेलं असतं आणि काही कळत नाही. शनिवारी रात्री नऊला या, पोरं उठायच्या वेळेला, आणि महिला संघातल्या दोघींना नक्की सोबत आणा.